खालच्या घराचा निरोप

१

हाजरा दर गुरुवारी दहाच्या सुमारास यायची. राजिवड्याहून पहिली एस.टी. धरून पालीला उतरायची आणि तिथून डोक्यावर सुक्या मासळीची टोपली घेऊन आमची चढण चढायची. मासळीच्या बदल्यात तांदूळ न्यायची. तोंडानं फटकळ, पण मापाला चोख. मला आवडायची, कारण माझंही तोंड काही कमी नाही.

सत्तावन सालातली गोष्ट. त्या गुरुवारी टोपली उतरवायच्या आधीच तिनं तक्रार सुरू केली. तुमच्या वाडीतली एक बाई मला ओले तांदूळ देते म्हणाली, आणि एकदा नाही, सलग चार आठवडे. घरी जाऊन पिशवी उघडावी तर निम्म्या दाण्यांना कुबट वास. तिच्या नवऱ्यानं, युसुफनं, पिशवी उचलून अंगणात भिरकावली म्हणे. मी म्हटलं, आमच्या नव्या वाडीत तेवीस घरं आहेत आणि असले धंदे करणारी त्यात एकही नाही, कुठली बाई ते तरी सांग. हाजरानं पदरानं मान पुसली आणि हनुवटीनं उताराकडे दाखवलं.

"खालची. त्या शेवटच्या घरातली."

मी तिला तिथंच झाडली. आमच्या वाडीच्या खाली घर नाही. खाली जांभ्याच्या पायऱ्यांची जुनी पाखाडी आहे, आणि ती पाखाडी उतरत उतरत तलावाच्या पाण्यात जाते. ऊन लागलंय तुला, असंही म्हणाले. ती चिडली, पिशवीत हात घातला आणि मूठभर तांदूळ माझ्या सुपात टाकले.

तांदूळ ओले होते, यात वाद नाही. पण मी बघत राहिले ते दुसऱ्याच कारणानं. आखूड, जाड, तांबडा दाणा. हा तांदूळ आमच्याकडे एकाच ठिकाणी पिकायचा, ओढ्याकाठच्या मळ्यात, आणि त्या मळ्यावर आता तीन पुरुष खोल पाणी आहे. कुणीतरी जुनं बियाणं जपून ठेवलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. मग माझ्या घरातले वाळलेले तांदूळ हाजराला दिले आणि सुकट घेतली.

२

तलावाबद्दल बोलायचं तर माझं डोकं फिरतं, तरी बोलते. सांगायला दुसरं कुणी उरलेलं नाही.

बावन साली तलावाच्या धरणासाठी मोजणीवाले आले तेव्हा वाडी ओढ्याकाठी होती. आमचे गावकर, म्हणजे गावाचे मुख्य, आप्पा. त्यांनी बैठक घेऊन ठरवलं की या लोकांना कुणी शिवार दाखवायचं नाही आणि पाणीसुद्धा द्यायचं नाही. सगळ्यांनी मान डोलावली. वाडीच्या अगदी खालच्या घरात केरू आणि त्याची बायको मैना राहायची. भर दुपारी उन्हानं तापलेली माणसं त्यांच्या दारात आली. केरूनं त्यांना तांब्याभर पाणी दिलं आणि ओढ्याकडे जायची वाट दाखवली. एवढाच त्याचा गुन्हा.

केरूला वाळीत टाकलं. त्या घरचा विस्तव घ्यायचा नाही, त्या घराला पाणी द्यायचं नाही, हाक आली तर ऐकायची नाही, माणूस समोर आलं तर बघायचं नाही. असं कुणाला टाकायला मुंबई सरकारनं कायद्यानं बंदी केलेली होती. मोजणीच्या साहेबाला ते ठाऊकही होतं. तो हसला आणि म्हणाला, हा तुमच्या गावातला मामला आहे.

पुढं दोन वर्षांत याच आप्पांनी साहेबाच्या तंबूत जाऊन जमिनी सोडल्याच्या कागदावर पहिला अंगठा उठवला. मागोमाग बाकीच्यांनी. आम्हीही. ज्यापायी केरूला टाकलं होतं ते सगळ्या गावानं केलं, आणि केरू मात्र वाळीतच राहिला. तो निर्णय उठवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सुरुवातीला न बघणं जड जातं, मान मुद्दाम वळवावी लागते. तीन वर्षांनी डोळे आपोआप वळतात.

पंचावन सालच्या जेठात खात्याचा माणूस आला आणि आप्पांना सांगून गेला की शुक्रवारी धरणाच्या मोरीचे दरवाजे पाडणार, त्याच्या आत वाडी रिकामी करा. गावाचा निरोप घरोघर पोचवायचं काम आमच्या घराकडे आहे, माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून. माझा नवरा सखाराम मुंबईत गिरणीत, त्यामुळे फिरते ती मी, मालन. तोंडी निरोप, उंबऱ्यासमोर उभं राहून, घरच्या माणसाला हाक मारून. असा निरोप आल्याशिवाय आमच्याकडे कुणी लग्नाला जात नाही, की मयताला खांदा देत नाही.

मी तेवीस घरं केली. चोविसावं खालचं. पाखाडीच्या वळणावर उभी राहिले तेव्हा त्या घराच्या कौलांतून धूर येत होता. मैना आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन या वाडीत आलो होतो. मी मागे फिरले. खात्यानं त्यांना कागद दिलाच असेल, असं मनाशी म्हटलं. खातं म्हणालं असेल, गाव सांगेलच.

आषाढात तीन दिवस पाऊस कोसळला आणि तलाव भरला. केरू-मैना कुठं गेली ते कुणी विचारलं नाही, कारण विचारायचं तर नाव घ्यावं लागतं. तलावाचं पाणी कालव्यानं खालच्या गावांच्या शेतांना जातं. आमच्या बाया उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन तेच पाणी उपसून वर आणतात. धरणावर एक कोनशिला बसवलीय. तिच्यावर भरपूर नावं आहेत, पण बुडालेल्या घरांतलं एकही नाही.

३

हाजराच्या त्या तांदळानंतर मी कान देऊ लागले. खरं सांगायचं तर कान द्यायची गरज नव्हती. आवाज मला आधीपासून येत होता, मी फक्त त्याला आवाज म्हणत नव्हते.

सकाळी न्याहारी आटोपली की यायचा. दूर, खालून, मुसळाचा ठोका. मग थांबणं, मग पुन्हा ठोका. आमच्याकडे भात कांडायला दोघी लागतात, एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली येतं, मध्ये खंड पडत नाही. हा एकटीच्या कांडण्याचा आवाज होता. वाळीतल्या बाईला जोडीण कुठून मिळणार?

मी स्वतःला चार कारणं दिली. कुठला तरी ओंडका पाण्यात तरंगत असेल आणि बांधाच्या दगडांवर आपटत असेल. म्हणून मी मुद्दाम बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. ओंडका नव्हता, वारा नव्हता, पाण्यावर साधी लाट नव्हती. ठोका मात्र पडत होता, आणि तो दगडावर लाकडाचा नव्हता. जमिनीत पुरलेल्या उखळात मुसळ पडल्यावर होतो तसाच होता.

शेजारच्या गोदाला विचारलं, तुला ऐकू येतं का? ती भात पाखडत होती. ती म्हणाली, काय? मी म्हटलं, हे. तिचा हात क्षणभर थांबला आणि मग ती दुप्पट जोरानं पाखडू लागली.

त्यानंतर माझ्या ध्यानात आलं. खालचा ठोका सुरू झाला की आमच्या तेवीस घरांत कामाला ऊत येतो. कुणी कांडायला बसते, कुणी भांडी आपटते, कुणी पोराला उगाच ओरडते. सगळ्यांना ऐकू येत होतं. न ऐकण्यात वाडी तयार झाली होती, आणि ते शिक्षण आम्ही केरूच्या घरावर घेतलं होतं.

माझा संताप संताप झाला. पण मी तरी कुठं बोलले? माझ्या दमयंतीचं, दमीचं, लग्न आप्पांच्या भाच्याशी ठरत होतं. मुलगा शिकलेला, पालीच्या शाळेत मास्तर. पोरीनं त्याला एकदाच पाहिलेलं, पण तेव्हापासून कामं करताना आपल्याशीच हसायची. त्या घराचं नाव मी काढलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझंही घर वाळीत पडलं असतं. वाळीतल्या घरची पोर कुणी करत नाही. म्हणून मीही सकाळी भांडी आपटू लागले.

४

एका सोमवारी सावर्ड्याहून सोनूबाई आली. मैनाची आई. सत्तरीची असेल, पायात काही नाही, हातात काठी. जावई कळवत नाही, लेक येत नाही, म्हणून दोन वर्षं वाट बघून निघाली होती. पहिल्या घरापासून विचारत आली. गोदानं दार लावून घेतलं. आप्पांनी पडवीतूनच सांगितलं की ती माणसं मुंबईला गेली असतील. पत्ता विचारल्यावर ते सुपारी कातरू लागले.

ती माझ्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात, येऊन बसली. मी पाणी दिलं. समोर गोदाच्या दाराची फट उघडी होती आणि त्या फटीतून बघणारा डोळा मला दिसत होता, तरी दिलं. म्हातारी रडली नाही, भांडली नाही. तिनं तांब्या खाली ठेवला आणि एकच गोष्ट विचारली.

"माझ्या लेकीला कुणी सांगितलान का, पानी येनार म्हनून?"

घरात दमी होती. नव्या बांगड्या मोजत होती. मी सोनूबाईला म्हटलं, मला ठाऊक नाही. आयुष्यात मी पुष्कळ वेळा खोटं बोलले असेन, पण एवढं नीच कधी बोलले नव्हते. म्हातारी काठी उचलून पालीच्या वाटेला लागली. मी तिला भाकर बांधून द्यायलासुद्धा विसरले.

त्याच संध्याकाळी आप्पांचा सांगावा आला. येत्या रविवारी मुलाकडची माणसं बैठकीला येणार, आणि मालननं दारात कोण येऊन बसतं याचा जरा विचार करावा.

५

गुरुवारी मी हाजराबरोबर खाली गेले. तिला सांगितलं, मला ती बाई दाखव, तांदळाचा निकाल लावू. हाजरा पुढं, मी मागं. पाखाडीच्या वरच्या पायऱ्या कोरड्या होत्या, पुढच्या शेवाळलेल्या, आणि त्यांच्या पुढं पाणी. पाण्यातल्याही पाच-सहा पायऱ्या स्पष्ट दिसत होत्या.

हाजरा पाण्याच्या कडेला टेकली, टोपली उतरवली आणि कुणाशी तरी बोलू लागली. सुकट कशी आहे, बोंबील कसे आहेत, तांदूळ या खेपेला वाळवलेस का. मधे थांबायची, ऐकायची, मान हलवायची. मी तिच्या खांद्यामागून बघत होते आणि मला काही दिसत नव्हतं. नाही, असं नाही. मला बघता येत नव्हतं. नजर तिथं न्यावी की ती घसरून बाजूच्या करवंदीच्या जाळीवर जायची. पाच वर्षं वळवलेले डोळे, ते सरळ व्हायला तयार नव्हते.

मी टोपलीवर नजर धरून ठेवली. टोपलीतून सुकट कमी होत होती. कुणीतरी पसा पसा उचलत होतं. मग टोपलीशेजारी एक सूप पुढं आलं. त्याच्या काठावरून पाणी ठिबकत होतं, आत तांबडे तांदूळ होते. सुपाला धरलेलं मनगट मला दिसलं. हिरवा चुडा, आणि त्वचा फार वेळ पाण्यात राहिल्यावर पडते तशी सुरकुतलेली. त्याच्या वर बघायला मी मान उचलली आणि पुन्हा करवंदीची जाळी दिसली.

हाजराला यातलं काहीच वावगं वाटत नव्हतं. ती किनाऱ्यावरची. आमच्या वाडीचं वाळीत टाकणं तिला लागू नव्हतं, आणि पाय पाण्यात घालून उभ्या असलेल्या बाया ती रोज बघायची. तिनं मागं वळून मला विचारलं.

"ती इचारते, निघायचं कधी? कुणी सांगायला येनार होतं म्हने."

मी म्हटलं, सांग तिला, आत्ता निघा म्हणावं, वर या. हाजरानं सांगितलं. मग ती पुन्हा ऐकू लागली. या वेळी तिची मान जरा आणखी खाली, पाण्याच्या आत वळली होती.

"घो इचारतो तिचा," ती म्हणाली, "हा निरोप गावाचा, का एकट्या मालनचा?"

मी पाखाडी चढून वर आले. भीतीपेक्षा मला राग जास्त आला होता. घर बुडालं, मळा बुडाला, तरी हा माणूस गावाच्या शब्दासाठी थांबला होता. ज्या गावानं त्याच्याकडे बघितलंही नाही त्याचा मान तो पाण्याखाली बसून राखत होता.

६

रविवारी दुपारी आप्पांच्या पडवीत बैठक बसली. मुलगा आणि त्याच्याकडचे पाच पाहुणे, वाडीतले सगळे कर्ते, आतल्या दाराशी बाया. पानं लावली गेली. दमी माझ्या मागे बसली होती, नव्या लुगड्यात.

मी ठरवून गेले होते की आधी लग्न पक्कं होऊ दे, मग बोलेन. पण आप्पा पाहुण्यांना गावाचा मोठेपणा सांगू लागले. आमची वाडी एकदिलाची म्हणाले. तलावाच्या वेळी एकही माणूस मागे राहिला नाही, सगळी घरं एका शब्दावर उठली. सगळे माना डोलवत होते. गोदासुद्धा.

मी उभी राहिले. मी म्हटलं, तेवीस घरं उठली, चोविसावं उठलं नाही, कारण त्या घराला निरोप गेला नाही, आणि तो न देणारी मी. केरूचं आणि मैनाचं नाव मी घेतलं, चांगलं मोठ्यानं घेतलं, बापाच्या नावासकट. म्हटलं, वाळीत टाकल्याचा निर्णय आत्ता इथं उठवा आणि मला गावाचा निरोप द्या, मी तो खाली पोचवते. तुम्हाला रोज सकाळी ऐकू येतं ते मलाही येतं. मी फार बोलले. कोनशिलेवरही बोलले, अंगठ्यांवरही बोलले.

आप्पांनी पानाचा विडा तोंडात ठेवला. पाहुण्यांकडे बघून अगदी शांतपणे ते म्हणाले,

"केरू नावाचा मानूस आमच्या वाडीत कधी नव्हता."

मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. कुणी खोटं बोलत असल्यासारखं दिसत नव्हतं, आणि तीच गोष्ट मला आजही सहन होत नाही. पाहुणे उठले. चपला घालताना त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं मुलाला काहीतरी सांगितलं आणि मुलगा मागे वळून न बघता गेला. मग पडवीतली माणसं एकमेकांशी बोलू लागली, माझ्या दोन्ही बाजूंनी, माझ्यामधून. मी गोदाचा हात धरला. तिनं तो मच्छर झटकावा तसा झटकला आणि दुसरीकडे बघत राहिली.

दमी उठून घरी गेली होती.

७

मी घरी गेले नाही, सरळ पाखाडी उतरले. दुपारचे चार वाजले असतील, ऊन लख्ख होतं. हाजरा नव्हती, पण मला मध्ये कुणी नको होतं. शेवटच्या कोरड्या पायरीवर उभी राहिले आणि उंबऱ्यासमोर उभं राहून जसं सांगतात तसं सांगितलं.

"गावाचा निरोप हाय. पानी आलंय. घर सोडा, वर चला."

खोटं होतं. पण गावाचा निरोप सांगायचा हक्क माझ्या घराचा आहे, आणि गावाला शब्द द्यायचा नसेल तर तो मी देईन, असं मला त्या क्षणी वाटलं. नाव घेऊन हाक मारायची रीत आहे. रागाच्या भरात माझ्याकडून नावं घ्यायची राहून गेली.

पाण्याखाली दाराची कडी निघाली. मग भांडी गोळा केल्याचा आवाज, दोरी ओढल्याचा, कुणीतरी कुणाला चल म्हटल्याचा. मी नजर पायरीवर खिळवून ठेवली. पाणी हललं आणि माझ्या शेजारून पावलं वर गेली. भेगाळलेली, मोठी, पुरुषाची. त्यांच्यामागे जोडवी घातलेली. आणि त्यांच्यामागे जेमतेम अर्ध्या वितीची, अंतर राखून.

केरू-मैनाला मूल नव्हतं. म्हणजे मला ठाऊक होतं तोवर नव्हतं. त्या तीन वर्षांत त्या घरात काय जन्माला आलं, हे बघायला आम्ही डोळे ठेवलेच कुठं होते?

मी त्यांच्या मागून चढले. वाडीच्या रस्त्यात माणसं होती. ती बाजूला सरकली नाहीत आणि त्यांनी बघितलंही नाही. जांभ्याच्या तापलेल्या दगडांवर ओले ठसे उमटत होते आणि वाळत नव्हते. रस्त्याच्या मध्यावर पावलं थांबली. मला कळलं, नव्या वाडीत जागा वाटल्या तेव्हा यांच्या नावाची जागा कुणी ठेवलीच नव्हती. मी म्हटलं, माझ्या घरी चला.

दारात दमी उभी होती. नवं लुगडं तिनं सोडलं होतं, जुनं नेसली होती. डोळे सुजलेले. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या पुढं बघत होती, सरळ, मान न वळवता. लग्न मोडून तासही झाला नव्हता तिचं. मला वाटलं, आता ही दार लावणार, आणि लावलं तर हिला बोलायचं माझं तोंड नाही.

"आये," ती म्हणाली, "त्यांना भायेर का उभं केलंस? पोर भिजलीय."

ती बाजूला झाली. पावलं आत गेली. मला रडू कोसळलं, आणि डोळे पुसायला म्हणून मी तलावाकडे वळले, तेव्हा ते दिसलं. पाखाडीवरून आणखी माणसं वर येत होती. किती ते मी मोजलं नाही. वाकलेली, सावकाश, एकामागून एक. कुणाच्या डोक्यावर गाठोडं, कुणाच्या कडेवर काही. त्यांची पागोटी आणि नेसणी आता कुणी वापरत नाही अशी होती. आप्पांच्या आधी आप्पांचा बाप गावकर होता, त्याच्या आधी आजा, त्याच्याही आधी कुणीतरी. त्यांनी कुणाकुणाला टाकलं आणि विसरले, ते मला कुठून ठाऊक असणार? मी तर निरोप देताना कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

रस्त्यातली माणसं अजून हसत-बोलत उभी होती. गोदा वाळवण काढत होती. पहिला म्हातारा माझ्या खळ्याच्या तोंडाशी येऊन थांबला आणि बोलवायची वाट बघू लागला.

"दमे," मी आत हाक मारली, "मोठं पातेलं चढव."